प्रश्न विचारला की वर्ग गप्प: तिसरी-चौथी एकत्र, मुलं मालवणी बोलणारी

घाटावरचा_गुरुजी यांचा प्रश्न:

देवगड तालुक्यातली जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. माझ्याकडे तिसरी आणि चौथी एकत्र, पट 16. माझी बोली सोलापूरकडची, मुलांची मालवणी.

"समजलं का?" म्हटलं की सोळाच्या सोळा "होऽऽ" म्हणतात. लगेच त्यातलंच काही विचारलं की माना खाली. तिघंच काय ते बोलतात, बाकीचे त्यांच्याकडे बघत बसतात. उत्तर आलं तर एका शब्दाचं. हीच मुलं मधल्या सुट्टीत कान किटवतात, म्हणजे बोलता येत नाही असं नाही. कधी कधी मुलाचं बोलणं मलाच कळत नाही, आणि "काय म्हणालास?" विचारलं की ते मूल दिवसभर तोंड उघडत नाही. वर्गावर पत्रे आहेत, सर आली की माझा आवाज तिसऱ्या ओळीपलीकडे जात नाही.

प्रश्न कसे विचारायचे, उत्तर मालवणीत आलं तर चालवून घ्यायचं का, आणि पावसाचं काय करायचं, हे हवं आहे. "मुलांना आपलंसं करा" हे प्रशिक्षणात ऐकून झालंय. सोमवारी साडेदहाला वर्गात गेल्यावर काय करू, ते सांगा.

---

पाटीपेन्सिल:

गुरुजी, "समजलं का?" आधी बंद करा. त्याला एकच सोयीचं उत्तर आहे. "नाही" म्हणणाऱ्याला सगळ्यांसमोर कबुली द्यावी लागते, वर तोच धडा पुन्हा ऐकावा लागतो, आणि त्यामुळे मधली सुट्टी उशिरा झाली तर बाकीचे त्यालाच धरतात. "हो" फुकट आहे.

याचंच भावंड म्हणजे शब्दाचं शेपूट मुलांच्या तोंडात देणं. "सूर्य पूर्वेला उग...?" "वतोऽऽ!" वर्ग दणाणतो, बाहेरून जाणाऱ्याला वाटतं काय रंगलाय तास. पण मुलं फक्त लय पूर्ण करत असतात. खात्री करायची तर त्याच चालीत "सूर्य पश्चिमेला उग...?" म्हणून बघा. निम्मा वर्ग तितक्याच उत्साहाने "वतोऽऽ" म्हणेल.

आता थांबण्याबद्दल. मेरी बड रो या अमेरिकी संशोधक बाईंनी 1970च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासून दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतो. तेवढ्यात उत्तर आलं नाही की प्रश्न बदलतो, दुसऱ्याला विचारतो किंवा स्वतःच सांगून मोकळा होतो. हेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांब होतात, "माहीत नाही" कमी येतं आणि मुलं आपणहून बोलू लागतात. तुमच्या मुलांना तर प्रश्न आधी प्रमाण मराठीतून मालवणीत न्यायचा आहे आणि उत्तर उलट आणायचं आहे. त्यांना पाच सेकंद द्या. मनात "एक नारळ, दोन नारळ" असं मोजा, नाहीतर पाच सेकंदांच्या नावाखाली दोनच होतात. मोजताना एकाच मुलावर नजर रोखू नका, ती धमकी वाटते. खिडकीबाहेर बघा, दोन पावलं चाला. आणि उत्तर आल्यावरही तेवढंच थांबा. हे दुसरं थांबणं सगळे विसरतात. पहिल्या शब्दानंतरचं खरं वाक्य बहुतेक वेळा त्याच जागेत येतं.

नाव शेवटी घ्यायचं. "सांग रे अमुक, सात आठे किती?" म्हटलं की पंधरा जणांना सुटी. "सात आठे किती?", थांबणं, मग नाव. क्रम एवढाच बदला.

तिघांचा मक्ता मोडायला पाटी वापरा. वर्गात पाट्या असतातच, आपण त्यांना पहिलीची वस्तू समजून माळ्यावर टाकतो. प्रश्न विचारा, वीस सेकंद लिहायला द्या, मग पाटी उलटी करून छातीशी. "वर" म्हटलं की सगळ्या एकदम वर. तीन सेकंदांत सोळा उत्तरं दिसतात आणि चुकणाऱ्याचं नाव कुणालाच घ्यावं लागत नाही. फळ्याजवळून वाचता यावं म्हणून अक्षर चार बोटं उंच, उत्तर एक शब्द, एक संख्या किंवा एक चित्र, त्याहून मोठं नको. बिघडतं कुठे? मुलं शेजारच्याचं बघतात, म्हणून लिहिताना एकाआड एक तोंड फिरवून बसवा. दुसरं, पावसाळ्यात ओल्या फडक्याने पुसलेली पाटी वाळतच नाही आणि ओल्या पाटीवर पेन्सिल उठत नाही. प्रत्येकाला कोरड्या जुन्या कापडाचा बोळा द्या, पाण्याची बाटली दप्तरात राहू दे. तिसरं, आपणच घाई करून पहिली बरोबर पाटी दिसताच "शाब्बास" म्हणतो, मग उरलेल्या पाट्या खाली जाऊन गुपचूप दुरुस्त होतात. सगळ्या वाचून होईपर्यंत चेहरा कोरा ठेवायचा.

एक राहिलं. शिक्षक विचारतो, मूल सांगतं, शिक्षक "बरोबर" किंवा "चूक" म्हणतो, ही तीन पायऱ्यांची साखळी सिंक्लेअर आणि कुल्थार्ड यांनी 1975मध्ये ब्रिटनमधल्या वर्गांतून नोंदवली. आपल्याकडेही तीच चालते. तिसऱ्या पायरीवर "बरोबर" आलं की विषय संपतो. त्या जागी "तुला कसं कळलं?" किंवा "हिचं पटतं का तुला?" टाका. आणि मुलाचं उत्तर स्वतःच्या खणखणीत आवाजात पुन्हा म्हणायची सवय सोडा. गुरुजी पुन्हा सांगणारच आहेत म्हटल्यावर मुलं एकमेकांचं ऐकणं सोडून देतात. ऐकू गेलं नसेल तर दुसऱ्या मुलाला सांगायला लावा.

उत्तर देताना उभं करू नका. बसल्या जागी बोलू द्या. उभं राहायला सांगणं आणि शिक्षेला उभं करणं यात मुलाच्या अंगाला फरक कळत नाही.

---

गजालवाली:

बोलीचा भाग मी घेते. आधी तुमच्या कानाची दुरुस्ती.

"गुर्जी, माका पेन्सिल होया" याचा अर्थ पेन्सिल हवी आहे. तुम्हाला "होय" ऐकू येतं आणि तुम्ही मान डोलावून पुढे जाता. "वही हाडूक नाय" म्हणजे वही आणली नाही. घाटावर "हाड" कुत्र्याला म्हणतात, त्यामुळे नव्या शिक्षकाला हे उर्मट वाटतं. "वायंच रवा" म्हणजे जरा थांबा, रव्याचा संबंध नाही. "खंय" कुठे, "कित्याक" कशाला किंवा का. "माका येणा नाय" म्हणजे मला येत नाही, आणि हे वाक्य मूल तुमच्यासमोर बोललं तर ते तुमच्यावर विश्वास टाकतंय असं समजा.

आता वहीतल्या चुका, कारण तिथे फार अन्याय होतो. मालवणीत पुल्लिंगी शब्द ओकारान्त: आंबो पिकलो, घोडो धावलो. नपुंसकलिंगी आकारान्त: काय झाला? पाणी इला. म्हणजे मूल वहीत "पाणी आला", "पुस्तक फाटला" लिहितं तेव्हा त्याला लिंग कळत नाही असं नव्हे. पाणी, पुस्तक हे नपुंसकलिंगी आहेत हे त्याला पक्कं माहीत आहे, त्याने घरचा नपुंसकलिंगी प्रत्यय लावलाय, जो प्रमाण मराठीत नेमका पुल्लिंगी दिसतो. "पाणी पुल्लिंगी असतं का रे?" असं विचारलंत तर त्याच्या डोक्यात गोंधळ तुम्ही नवा घातलात. त्याला एवढंच सांगायचं: घरी "झाला", पुस्तकात "झालं". टिंबाचा धडा दहा मिनिटांत होतो. तसंच "शाळेक", "घराक", "माका" यांतला क म्हणजे ला. नियम एकदा दाखवला की तिसरीतलं मूल शंभर शब्द स्वतः फिरवतं.

करायचं असं. फळ्याच्या एका बाजूला तीन रकाने आखा: घरचं, गुरुजींचं, पुस्तकातलं. "खंय, कुटं, कुठे." "नाय, न्हाई, नाही." रोज चार शब्द, पहिला रकाना मुलांनी भरायचा, दुसरा तुम्ही. दुसरा रकाना गाळू नका. गुरुजींच्याही घरी पुस्तकातलं बोलत नाहीत, "काय करलालास" म्हणतात, हे कळलं की मुलांच्या बोलीची लाज अर्धी उतरते. हसतील तुमच्यावर. हसू दे.

बोलताना मालवणी चालवायची का? हो, पूर्ण. मूल म्हणालं, "गुर्जी, व्हाळाक पाणी इला." (व्हाळ म्हणजे ओढा, साकव म्हणजे त्यावरचा छोटा पूल.) तुम्ही म्हणायचं, "व्हाळाला पाणी आलं? किती आलं? साकवावरून गेलं का?" शुद्ध रूप त्याच्या कानावर पडलं, गप्पा थांबल्या नाहीत, आणि तुम्हाला पाण्यात रस आहे असं त्याला वाटलं. "असं नाही म्हणायचं, आलं म्हण" असं केलंत तर ते "आलं" म्हणेल आणि व्हाळाची गजाल, म्हणजे गप्पा, तिथेच संपेल. लिहिताना मात्र टप्पे ठेवा. पहिल्या खर्ड्यावर लाल पेन नको. दुसऱ्या खर्ड्यात एकाच प्रकारची चूक धरा, म्हणजे या आठवड्यात फक्त झाला-झालं, पुढच्या आठवड्यात क-ला. सगळ्या चुका एकदम गोल केल्या की मूल पुढच्या वेळी चुकू शकणार नाही एवढंच लिहितं: "माझी शाळा छान आहे."

तुम्हालाच कळलं नाही तर "काय म्हणालास?" नको, त्यात चूक मुलाची ठरते. "माका कळूक नाय, मला दाखव" म्हणा, किंवा शेजारच्याला "तू मला समजाव" म्हणा. न कळणं तुमच्या अंगावर घ्या.

केंद्रप्रमुख काय म्हणतील ही भीती असेल तर, शिक्षण हक्क कायदा 2009च्या कलम 29मध्ये शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवावं असं लिहिलंय आणि 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात किमान पाचवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा हे माध्यम असावं असं म्हटलंय. बोलीवरून मुलाला चिडवणं मानसिक त्रासात मोडू शकतं, आणि तो त्रास त्याच कायद्याच्या कलम 17ने मना केलाय.

जाता जाता रायगडकडच्यांसाठी: आगरी-कोळी मुलांत ण चा न आणि ळ चा ल होतो, म्हणून श्रुतलेखनात "पानी", "बाल" येतं. ती लिहिण्याची चूक नसते, तो फरक त्यांच्या कानावर घरी पडतच नाही. दहा वेळा लिहायला लावून उपयोग नाही. वेळ-वेल, माळ-माल, गोळा-गोला अशा जोड्यांची चित्रं ठेवा, तुम्ही शब्द म्हणा, मुलांनी चित्रावर बोट ठेवायचं. कान तयार झाला की हात आपोआप सुधारतो.

---

साधी_वही:

गजालवाली बाई, बाकी मान्य, पण "पूर्ण मालवणी चालवा" याला माझा थोडा विरोध आहे. शिष्यवृत्तीची प्रश्नपत्रिका मालवणीत येत नाही. चौथीच्या मुलाने निदान दिवसातून एक वेळ पूर्ण प्रमाण वाक्यात बोलायला हवं. परिपाठातल्या बातम्या किंवा दिनविशेष त्यासाठी राखा, आदल्या दिवशी वाक्य लिहून न्यायला सांगा, म्हणजे ऐनवेळी अडखळणं नाही. बाकी तास मोकळे.

---

गजालवाली:

याला माझीही हरकत नाही. फक्त परिपाठाला चुकलं तर तिथल्या तिथे टोकू नका, सगळी शाळा समोर असते.

---

कौलारू:

पावसाचं. जागतिक आरोग्य संघटनेने 1999च्या मार्गदर्शक सूचनांत तास चालू असताना वर्गातल्या पार्श्वभूमीच्या आवाजाची मर्यादा 35 डेसिबल सुचवली आहे, आणि मुलांना नीट कळायला शिक्षकाचा आवाज त्या गोंगाटाच्या वर साधारण 15 डेसिबल हवा असं मानतात. पत्र्यावर आषाढातली सर कोसळताना हे जमणं अशक्य. ओरडून तर नाहीच. ओरडताना स्वर मोठे होतात पण व्यंजनं तेवढी वाढत नाहीत, आणि शब्द ओळखू येतो व्यंजनांवरून. मागच्या मुलाला "आ-आ-ए" असं काहीतरी ऐकू जातं आणि तुमचा घसा श्रावण संपायच्या आत बसतो.

आवाज वाढवण्यापेक्षा अंतर कमी करा. अंतर निम्मं झालं की आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो, मोकळ्या जागेत पूर्ण, बंद खोलीत थोडा कमी. रांगा मोडून अर्धवर्तुळ करा. सोळा मुलं मांडी घालून एका ओळीत बसवायची तर अर्धवर्तुळाची त्रिज्या अडीच मीटर, म्हणजे आठ फूट लागते. प्रत्येकाला दीड फुटाहून जरा जास्त जागा मिळते आणि शेवटचं मूल पहिल्याइतकंच जवळ असतं. रांगांमध्ये तेच मूल पाच मीटरवर गेलेलं असतं. त्या बाजूला कौलातून किंवा पत्र्याच्या खिळ्यातून गळत असेल तर अर्धवर्तुळ फिरवा, बादली मधे ठेवू नका. टपटप आवाजाकडे सगळ्यांचं लक्ष जातं.

उभं कुठे राहायचं याचा विचार कुणी करत नाही. दार किंवा खिडकी पाठीशी घेऊन उभे राहिलात तर पावसाळी अंधारात तुमचा चेहरा काळा दिसतो, आणि गोंगाटात मुलं निम्मं ओठांवरून ऐकत असतात. उजेड तोंडावर येईल असं उभं राहा. वीज गेलेली असेल तेव्हा तर हे पाळाच. फळ्याकडे तोंड करून बोलणं बंद. लिहा, वळा, मग बोला.

जोराची सर आली की बोलण्याचा हट्ट सोडून द्या. ठरलेली खूण ठेवा, दोन्ही तळहात डोक्यावर, की मुलांनी बोलणं थांबवून "सरीचं काम" काढायचं: मूकवाचन, शुद्धलेखन, चित्र. सर बहुधा दहा-पंधरा मिनिटांत उतरते. हे काम आधीच खडूने कोपऱ्यात लिहून ठेवलेलं हवं, सर आल्यावर सांगायला गेलात तर ऐकणार कोण.

आणि कान तपासा. पावसाळ्यात सर्दी उतरून कान वाहणं मुलांमध्ये फार असतं. जे मूल मान एका बाजूला वळवून ऐकतं, सूचना दिल्यावर आधी शेजारच्याकडे बघून मग पुस्तक काढतं, ते आळशी नसून त्याला कमी ऐकू येत असण्याची शक्यता आहे. त्याला चांगल्या कानाच्या बाजूने जवळ बसवा आणि आरोग्य केंद्रात पाठवा.

---

घाटावरचा_गुरुजी:

सगळ्यांचे आभार. पाट्या काढल्या, चालतंय. दोन अडचणी. पाच सेकंद थांबलो की मुलं एकमेकांकडे बघून खुसखुसतात. आणि तिसरीत एक मुलगी आहे, ती पहिलीपासून शाळेत एक शब्द बोललेली नाही. घरी भरपूर बोलते असं आई सांगते. पाटीवर उत्तरं बरोबर लिहिते. तिला बोलतं कसं करू?

---

पाटीपेन्सिल:

खुसखुस आठवडाभर राहील. शांतता म्हणजे कुणीतरी अडकलंय एवढाच अर्थ त्यांना माहीत आहे. आधी सांगून टाका: "हा विचार करायचा वेळ, आता हात वर करायचा नाही, मी हात खाली केला की बोलायचं." शांततेला नाव मिळालं की ती टोचत नाही. तरी जमलं नाही तर त्या पाच सेकंदांच्या जागी जोडीत बोलायला द्या, अर्धा मिनिट, घरच्या भाषेत. फ्रँक लायमन यांनी 1981मध्ये मांडलेली ही रीत: आधी एकट्याने विचार, मग जोडीत, मग सगळ्यांत. जोडीत एकदा बोलून झालेलं वाक्य वर्गात बोलायला सोपं जातं.

मुलीबद्दल कौलारूंनी किंवा कुणी जाणकाराने सांगावं.

---

कौलारू:

घरी मोकळी, शाळेत महिनोन्‌महिने पूर्ण गप्प, आणि लिहून उत्तरं बरोबर, हे वर्णन निवडक मौनाचं असू शकतं. हा हट्ट नव्हे, बोलायच्या क्षणी घसा आवळणारी भीती असते. शाळेचा पहिला महिना सोडून महिन्याहून जास्त असं चाललं तर दाखवायला हवं, आणि इथे तर तिसरं वर्ष आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळा तपासणीला येतं, त्यांच्याकडे नाव नोंदवा. ते पुढे जिल्ह्याला पाठवू शकतात. आईला आधी विश्वासात घ्या, "मुलीत काही दोष आहे" असा सूर नको.

तोवर वर्गात: "बोललीस तर चॉकलेट" बंद. "आज ती बोलणार बरं का" बंद. चुकून बोलली तर टाळ्या तर मुळीच नाहीत, पुढच्या वेळी तेवढ्याच टाळ्यांची भीती वाटते. हजेरीला हात वर केला तरी चालेल असं सगळ्या वर्गासाठी करा, तिच्या एकटीसाठी नको. मग पायऱ्या अगदी लहान: पाटीवर लिहिणं, मैत्रिणीच्या कानात सांगणं आणि मैत्रिणीने मोठ्याने म्हणणं, घरी आईच्या फोनवर कविता म्हणून तुम्हाला ऐकवणं, शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात आईशी बोलणं आणि तुम्ही तेव्हा पडवीत. एक पायरी सहज झाल्याशिवाय पुढची नाही. महिने लागतात. हो किंवा नाही अशा प्रश्नापेक्षा "लाल की हिरवा?" असा दोनांतला एक निवडायचा प्रश्न सोपा पडतो, बोटाने दाखवलं तरी उत्तर होतं.

---

दोन_इयत्ता_एक_फळा:

जोडवर्गाचं कुणी बोललं नाही. दोन्ही इयत्तांना एकाच वेळी बोलकं काम दिलं की दोन्ही बुडतात. तिसरी बोलत असेल तेव्हा चौथी लिहीत असायला हवी, दर बारा-पंधरा मिनिटांनी अदलाबदल. लिहिणाऱ्यांनी मधेच "गुर्जीऽ" करू नये म्हणून क्रम ठरवा: आधी वहीत मागे बघ, मग शेजारच्याला विचार, मग अडल्याची खूण म्हणून पाटी कडेवर उभी कर. उभी पाटी दिसली की तुम्ही अदलाबदलीच्या वेळी आधी तिकडे जायचं. जाणार म्हणून न गेलात, तर तिसऱ्या दिवशी पाट्या आडव्या आणि "गुर्जीऽ" परत. गटप्रमुख दर सोमवारी बदला, महिनाभर एकच राहिला तर तो दुसरा मास्तर होतो आणि आपल्यापेक्षा कडक.

---

भरतीचं_गणित:

एक नमुना देतो, वरचं सगळं एका पाठात बसवून. चौथीचा गुणाकार-भागाकार, गाव किनाऱ्यावरचं.

"भरती म्हणजे काय?" विचारलंत तर पुस्तकातली व्याख्या येईल किंवा काहीच येणार नाही. त्याऐवजी: "आज भरती किती वाजता? उद्या त्याच वेळी येईल का?" थांबा. ज्याच्या घरचे रापणीला किंवा पागायला, म्हणजे जाळ्याने मासे धरायला, जातात त्याला हे तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं, आणि नेमकं तेच मूल बहुधा तिघांत नसतं. "उशिरा येतली," एवढं आलं की "कित्याक?" विचारा, त्याच्याच शब्दात.

मग किनाऱ्यावरचा जुना आडाखा: तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला 24 भागिले 4, सहा वाजता. दशमीला 30 भागिले 4, साडेसात. भरती दिवसातून दोनदा, दुसरी साधारण साडेबारा तासांनी. पाट्यांवर पंचमी करायला द्या: 15 भागिले 4. इथे हमखास गंमत होते. भागाकार 3, बाकी 3, आणि निम्म्या पाट्यांवर "3 वाजून 3 मिनिटं" येतं. पुसायला लावू नका. दोन वेगळी उत्तरं असलेल्या पाट्या शेजारी धरा आणि विचारा, "ही बाकी तीन कशाची?" चार भागांतले तीन, म्हणजे पाऊण तास, म्हणजे पावणेचार. हे वाक्य तुम्ही बोलायचं नाही. जोडीत अर्धा मिनिट द्या, कुणीतरी म्हणतंच. "पावणे" हा शब्द त्यांच्या घरात रोज बोलला जातो, तो अपूर्णांक आहे हे फक्त कुणी सांगितलेलं नसतं.

उद्याची भरती पाऊण तास उशिरा का, हेही याच आडाख्यात आहे: तिथी एकने वाढली की उत्तर 3 भागिले 4ने वाढतं. प्रत्यक्षात फरक पन्नास मिनिटांच्या आसपास असतो आणि आडाखा बंदराच्या तक्त्यापासून अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे जातो. ही चूक लपवू नका, उलट मुलांना सलग चार दिवस वेळ लिहून आणायला सांगा आणि आडाखा किती चुकतो ते त्यांनाच काढू द्या. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, एकट्याने जायचं नाही, घरच्यांना विचारून लिहायचं, हे आधी बजावा.

तिसरीला त्याच वेळी घड्याळाचं चित्र द्या, साडे, सव्वा, पावणे काटे काढायला. तिथी कालनिर्णयावर बघायला एका मुलाची पाळी लावा. एकादशी असेल तर 33 भागिले 4, बाकी एक, सव्वाआठ. तो दिवस सोपा जातो, पहिल्यांदा तोच घ्या.